हानयिंगला बोलणी खायची होती

चेउंगचाउ बेटावर सुक्या मासळीच्या दुकानात बसणाऱ्या क्वोक म्हातारीचं तोंड म्हणजे तोफखाना. पोटची लेक वायशान जरा तडकून बोलली, की लगेच, "काय गं, बंदुकीची दारू खाऊन आलीस का?" शेजारची सामसो गप्पांत रमली, की, "तुझ्याकडे चहापेक्षा थुंकीच जास्त!" आमच्या कॅन्टनी बायका अशाच. ज्याच्यावर तोंड टाकतील, तो त्यांचा. सून हानयिंगशी मात्र म्हातारी इतकी गोड, की अंगावर काटा यावा. "बस हं. दमली असशील. राहू दे, मी करते."

हुनानच्या डोंगरातून लग्न होऊन आलेल्या हानयिंगला हा गोडवा डाचायचा. पाहुणीशी बोलतात तसं किती वर्षं ऐकायचं? तिची आई तिला उठता-बसता फैलावर घ्यायची. ती गेली, आणि हक्काने ओरडणारं जगात कुणी उरलं नाही. त्या ओरडण्याची तिला फार फार आठवण यायची.

मग तिने ही टोमण्यांची बोली शिकायचा चंगच बांधला. सामसो एका पायावर तयार. सुकट निवडता निवडता शिकवणी चाले. "जोरात म्हण गं! अशी मिळमिळीत बोललीस तर टोमणा नाही, अंगाई वाटेल!"

एकदा धीर करून हानयिंग सासूलाच म्हणाली, "आई, तुमच्याकडेही चहापेक्षा थुंकीच जास्त!"

म्हातारी हसली. "वा, छान शिकलीस हो."

बस्स, एवढंच! हानयिंग मोरीत जाऊन रडली.

जुन्या वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी सगळं घर जेवायला बसलं. भात कमी पडेलसं वाटून हानयिंगने आत जाऊन रांजण उघडला, आणि तिथूनच ओरडली, "तांदूळ संपले!"

सगळ्यांचे घास हातातच राहिले. म्हातारी ताडकन उठली.

"अगं भवाने, आजच्या दिवशी असं बोलतात? कावळ्याच्या तोंडाची! थुंक! आधी थुंक, आणि पुन्हा नीट सांग!"

"थू, थू," हानयिंग पुटपुटली. "तांदूळ... भरपूर आहेत."

"भरपूर म्हणे! रांजण भरून ठेवायची अक्कल नाही, तोंड मात्र वाजतंय! उभी काय राहिलीस ठोंब्यासारखी?"

हानयिंगच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. वायशानला राहवेना. "आई, पुरे गं. रडतेय ती."

"वन्सं, बोलू द्या त्यांना," हानयिंग म्हणाली. "थांबवू नका."