बिब्ब्याची खूण, वंगणाचा डाग

डागाला इंग्रजीत किती शब्द आहेत हे मला मॅट्रिकच्या वर्षीच तोंडपाठ होतं. स्टेन, स्पॉट, स्पेक, ब्लॉट, स्मिअर, स्मज. आम्ही वरठी, म्हणजे गावाचे कपडे धुणारे, तेव्हा हे शब्द मी जरा जास्तच हौसेनं घोकले असावेत. वडील नदीवर कपडे आपटत आणि मी काठावर बसून एकेका डागाचं इंग्रजी नाव ठोकून द्यायचो. ते म्हणायचे, "नाव त सांगतं, पण हा निंघते कायनं ते सांग ना." ते मला कधीच सांगता आलं नाही.

पुढे मला वाशीमच्या कोर्टात कारकुनी लागली. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होता. मॅजिस्ट्रेटसाहेब जबलपूरकडचे, त्यांना आमची बोली कळत नसे. म्हणून साक्षीदार बोलेल ते इंग्रजीत उतरवून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. माझी कॉलर त्या दिवसांत काय ताठ असे म्हणून सांगू! तिला खळ घालून इस्त्री वडीलच करून द्यायचे.

एक दिवस अनसिंगजवळच्या आमच्याच गावचा खटला निघाला. एका मालदारानं आपल्या गाडीवानावर धोतर चोरल्याची फिर्याद केली होती. गाडीवान म्हणत होता, धोतर माझंच आहे. पुरावा काय, तर धोतराच्या कोपऱ्यात शेजारी शेजारी दोन काळे ठिपके. मालदाराचे कपडे वडील धूत, आणि त्याच्या घरची खूण दोन ठिपक्यांचीच होती. कपड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून वरठी बिब्ब्याच्या तेलानं अशी खूण घालतो. कापड विरून जाईल, पण ती जायची नाही. वडिलांना अक्षर येत नव्हतं, पण गावातल्या प्रत्येक घराची खूण त्यांच्या डोक्यात होती. म्हणून साक्षीला त्यांनाच बोलावलं.

हे माझे वडील आहेत, हे मी साहेबांना आधी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. लाज वाटली, दुसरं काय! वडिलांनीही ओळख दाखवली नाही. मला हात जोडून "राम राम बाबूसाहेब" म्हणाले.

साहेबांनी विचारलं, ही खूण तुमची का? वडिलांनी धोतर खिडकीपाशी नेलं, उलटंपालटं करून पाहिलं, नाकाला लावलं.

"साहेब, मी घालतो ते बिब्ब्याची खूण. हा वंगणाचा डाग हाये, गाडीच्या आसाचा."

माझं अर्धं लक्ष शिपाई आमच्या चेहऱ्यांची तुलना तर करत नाही ना, याकडे. फिर्यादीच्या इंग्रजी कागदावर ठिपक्यांना 'मार्क' म्हटलेलं, तेच डोक्यात. मी खुणेलाही मार्क लिहिलं आणि डागालाही मार्क लिहिलं. तो कागद तसाच राहता, तर वरठ्यानं खूण कबूल केली असा अर्थ झाला असता आणि गाडीवान तुरुंगात गेला असता.

वडील पिंजऱ्यातून माझ्या टाकाकडे पाहत होते. एकदम कडाडले, "काहून रे लेका? म्या दोन येगळ्या गोष्टी सांगतल्या, अन तू एकच अक्षर दोनदा काढून राह्यला!"

शिपायानं ते साहेबांना हिंदीत सांगितलं. ज्याला अ की ठ कळत नाही, त्या माणसानं उलट्या बाजूनं माझं इंग्रजी तपासलं होतं. साहेबांनी कागद ओढून घेतला, वाचला, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ये आपके कौन हैं?"

"वडील," मी म्हणालो. हिंदीसुद्धा सुचली नाही.

साहेबांनी मला बाजूला बसवलं आणि दुसऱ्या कारकुनाला बोलावलं. वडील म्हणाले, "साहेब, त्यालेच लिवू द्या. आता नाही चुकत तो." साहेब कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, प्रत्येक शब्द मी स्वतः तपासणार.

मग वडिलांनी दाखवून दिलं. बिब्बा कापडाच्या पार होतो. हे ठिपके उलट बाजूनं जेमतेम दिसत होते. आणि त्यांनी धोतराची घडी जिथं मोडली होती तिथं पुन्हा घातली, तर एक ठिपका बरोबर दुसऱ्यावर बसला. वंगण सांडलं होतं एकदाच, घडीमुळे उमटलं दोन जागी. मालदार खाली बघत होता. त्याच्याच खळ्यावरची ज्वारी आमच्या घरी यायची, हे वडिलांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी आवाज हलला नाही त्यांचा.

मी डागासाठी लिहिलेलं मार्क खोडून स्टेन लिहिलं. साहेबांनी शेजारी सही केली. जबानीखाली वडिलांनी अंगठा उठवला आणि गाडीवान त्याच दिवशी धोतर काखेत मारून घरी गेला.

रविवारी मी गावी गेलो. मालदाराच्या घरचं गाठोडं धुवायला आलं नव्हतं. वडिलांच्या अंगठ्यावर शाई तशीच होती. सबंध गावाचे डाग काढणारा माणूस! आई लिंबाची फोड घेऊन मागे लागली होती, "घासा ना, कसं दिसते ते."

"राहू दे," वडील म्हणाले. "पोरानं लिवलेल्या कागदाची शाई हाये."