परत केलेला ड्रम

माझ्या धाकट्या भावाला लोटे गावच्या केमिकल कंपनीने घरी बसवलं आणि कारण सांगितलं नाही. नाही म्हणजे नाहीच. सकाळच्या पाळीला नेहमीसारखा कंपनीच्या बसने गेला, गेटवर कार्ड लावलं तर फाटक उघडेना. सिक्युरिटीवाला म्हणाला, ऑफिसात जा. ऑफिसातली बाई म्हणाली, तुम्हाला निलंबित केलंय, बोलावू तेव्हा या. "कशाबद्दल?" असं यानं विचारलं, तर म्हणे, "चौकशी चालू आहे." कसली चौकशी, ते त्या बाईलाही ठाऊक नव्हतं. परतीची बस पाळी सुटल्यावरच, म्हणून हा हायवेच्या कडेने उन्हातून चालत निघाला. घरी पोचेपर्यंत पाळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधूनही त्याला काढून टाकलं होतं.

मी रत्नागिरीत शाळेवर. मे महिन्याची सुट्टी नुकतीच लागली होती. भावजयीचा फोन आला, "ताई, तुम्ही या. हे जेवत नायत, बोलत नायत. नुसते फोनाकडे बघत बसतात." मी दुसऱ्या दिवशीची एसटी पकडली. माझा स्वभाव तापट, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पिशवी ओटीवर टाकली नि म्हटलं, "ऊठ. उद्या आपण दोघं जाऊन विचारू."

गेलो. गेटवरचा माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याकडे एकच वाक्य होतं, "मॅडम, साहेब मीटिंगमध्ये आहेत." म्हटलं, मीटिंग संपेपर्यंत थांबते. तर म्हणाला, इथे थांबायला परवानगी नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "लग्नाआधीपासून राबतोय हा इथे," मी म्हटलं, "आयुष्यभराचा खोकला घेऊन बसलाय तुमच्या त्या वासाने. आणि कारण सांगायला तुमच्या साहेबांची जीभ झिजते काय?" आतून दोघं-तिघं बघायला आले. भावाने मागून माझा पदर ओढला. "ताई, नको गो. परत घ्यायचं असलं तरी घेणार नायत मग." त्याचा चेहरा बघून मी मागे वळले. हात हलवत परत आलो.

त्यातल्या त्यात एक बरं होतं. मे महिन्यात आमची बौद्धवाडी मुंबईकरांनी भरून जाते. ज्याच्या त्याच्या दारात पाहुणे, पोरांचा गोंधळ, दुपारभर पत्त्यांचे डाव. सगळेच पुरुष घरी, त्यामुळे हा घरी आहे हे कुणाला खुपलं नाही. "काय रे, तुलापण रजा?" असं कुणी विचारलं की हा म्हणायचा, "व्हय, घेतली थोडी." भावजय आत चुलीपाशी मान खाली घालून ऐकायची.

पण डोकं रिकामं राहत नाही ना माणसाचं. कारण कुणी सांगत नाही म्हटल्यावर तो स्वतःच शोधायला लागला. फणसाचे गरे काढत बसलेली असायची मी, आणि हा समोर येऊन बसायचा. "ताई, मागे एकदा रात्रपाळीला मला डुलकी लागलेली." म्हटलं, बरं. "एकदा वाल्व बघायला मी गेलोच नाय, दुसऱ्याला पाठवला." बरं. "नवीन साहेब आले तेव्हा मी हात नाय जोडले, माझ्या हाताला ग्रीस होतं." मी चिकाने माखलेला कोयता खाली ठेवला. "अरे मेल्या, हात जोडले नाहीत म्हणून कोण माणसाला घरी बसवतं?"

"मग काय असंल गो?" तो म्हणाला.

जळलं मेलं, मुलांना शिकवण्यात माझा जन्म गेला, आणि सख्ख्या भावाने विचारलेल्या साध्या प्रश्नाचं उत्तर देता येईना. या गोष्टीचा मला फार राग आला, भावाचा नव्हे, पण निघाला त्याच्यावरच.

बुद्ध पौर्णिमेला सगळी वाडी विहारात जमली. दरवर्षी माईक, पताका, पोरांची भाषणं, सगळं हाच बघतो. वंदनेला याचाच आवाज पहिला. यंदा तो मागे, चपला काढतात तिथे जाऊन बसला. मी बायकांत पुढे होते. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. गर्दीतसुद्धा मला मागून त्याचा आवाज ओळखू येत होता. पहिलं शील म्हणाला. दुसरं आलं, न दिलेली वस्तू न घेण्याचं, आणि त्याचा आवाज थांबला. वंदना संपताच तो खीर न घेता घरी निघाला. मी मागून गाठला, तर म्हणतो, "ताई, तो ड्रम."

आमच्या पट्ट्यात घराघरात निळे प्लास्टिकचे ड्रम असतात. कंपन्यांतून माल येतो, ड्रम रिकामे होतात, आणि मग ते लोकांच्या परसात जातात वापरायच्या पाण्यासाठी. याच्याकडचा तसाच एक. जुन्या स्टोअरकीपरने आपणहून दिलेला, "ने रे, भंगारातच जायचाय" म्हणून. कागद नव्हता, पावती नव्हती, आणि आता तो स्टोअरकीपरही हयात नव्हता.

"तो मी विचारून आणला," भाऊ म्हणाला, "पण दिला ह्याला पुरावा काय?"

"पुरावा मागितलाय कुणी?" मी ओरडलेच. "त्या ड्रमचं नावसुद्धा तोंडातून काढायचं नाही. कळलं?"

त्याने मान डोलावली. लहानपणीही असाच डोलवायचा आणि मनातलंच करायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजय आणि मी कपडे घेऊन विहिरीवर गेलो. परत आलो तर परसात सगळा चिखल. नळाला दिवसाआड पाणी, आदल्या दिवशी आम्ही दोघींनी कळशी-कळशीने भरलेला ड्रम त्याने उपडा केला होता. नुसता रिकामा नव्हे, साबणाने आतून-बाहेरून घासून, चुलतभावाच्या टेम्पोत घालून तो कंपनीकडे गेला होता. भावजय ओल्या मातीत तशीच उभी राहिली. मी फोन लावला, त्याने उचलला नाही.

दुपारी आला. चेहरा कितीतरी हलका झालेला. "दिला परत," म्हणाला. "सिक्युरिटीने नाव, गाव, सगळं विचारून घेतलं. साहेबसुद्धा बाहेर आले. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. कधी नेलास, कसा नेलास, शांतपणे विचारलं. चांगला माणूस आहे गो ताई. आता बोलावतील."

मी डोक्याला हात लावला. पण त्याच्या तोंडावर इतक्या दिवसांनी आशा दिसत होती, म्हणून खराटा घेऊन परसातला चिखल ओढायला गेले.

मेअखेरीला मुंबईकर निघून गेले. दारं बंद झाली, वाडी एकदम ओकीबोकी. आता हा एकटाच पुरुष दिवसाढवळ्या ओटीवर बसलेला सगळ्यांना दिसायला लागला. पाण्याला जाणाऱ्या बायका वाकडी वाट करून भावजयीला विचारायच्या, "नाय गेले वाटतं आज?" माझीही शाळा उघडायला आली होती. जाऊ की नको, असं माझं चाललं होतं, आणि कंपनीचा फोन आला.

इस्त्रीचा शर्ट घालून गेला. भावजयीने मासे आणायला आपल्या पोरीला पाठवलं, म्हणाली, "आज चांगलं काय तरी करते." तो परतला तेव्हा कालवण चुलीवर उकळत होतं. त्याने कागद माझ्या हातात दिला. कामावरून कमी केलंय. कारण लिहिलं होतं, अगदी स्वच्छ मराठीत. कंपनीची वस्तू विनापरवानगी घरी नेली, आणि कामगाराने ती स्वतः आणून देऊन तसं कबूल केलं.

"अरे, त्यांच्याकडे काही नव्हतं रे!" मी किंचाळले. "काहीसुद्धा नव्हतं! तूच नेऊन दिलंस त्यांच्या हातात!" मला रडू फुटलं. कंपनीला, त्या साहेबाला, त्याच्या खुर्चीला आणि पाण्याला मी तोंडाला येईल ते बोलले.

भाऊ हातपाय धुऊन पाटावर बसला. "पण आता कळलं तरी गो, ताई," तो म्हणाला. "काय झालेलं ते कळलं."

आणि तो जेवला. दोन वेळा भात मागून घेतला, काटे नीट काढून काढून मासे खाल्ले. जेवण झाल्यावर ओटीवर चटई टाकून आडवा झाला नि बघता बघता घोरायला लागला. मला ते सहन होईना. गदगदा हलवून उठवावं आणि पुन्हा एकदा समजावून सांगावं, म्हणून मी उठले.

भावजयीने माझा हात धरला. तिचे डोळे सुजलेले होते. "झोपू दे त्यांना, ताई," ती म्हणाली. "नोकरी गेली, ते उठल्यावर कळंल."