पापणीची रेघ

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी तेव्हा अमडापूरच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर होतो. एका दुपारी बौद्ध वस्तीचे कारभारी शाळेत आले. वस्तीनं स्वतः राबून विहार बांधला होता. समोरची भिंत कोरी होती.

"गुरुजी, आमाले तिथं बुद्ध काढून द्या."

मी लगेच हो म्हटलं आणि त्या दिवसापासून जीव थाऱ्यावर राहिला नाही. माझा हात तीन ठिकाणी घडला होता आणि त्या तिन्हींचं आपसात पटत नव्हतं. देऊळघाटला आई पोळ्याच्या दिवशी भिंतीवर गेरूनं बैल काढायची, ते पहिलं. मग बुलडाण्यात दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका चाचांजवळ मराठी आणि उर्दू अक्षरं गिरवली. शेवटी वर्षभर नागपूरला राहून छाया-प्रकाश शिकलो. रंगवायला बसलो की यातलं नेमकं कोणतं माझं, तेच कळत नसे.

पहिला बुद्ध मी नागपूरच्या पद्धतीनं काढला. गुलाबी गाल, लाल ओठ. विहार सारवायला आलेली एक म्हातारी हातातलं काम टाकून बघत राहिली.

"मास्तर, हा तं कॅलेंडरातला देव वाटते. त्याइलेच सोडून तं आमी इकडं आलो ना."

दुसऱ्या दिवशी मी भिंतीवर चुना फिरवला. शाळेत शिकवताना लक्ष लागेना. रविवारी मोटार पकडून अजिंठ्याला गेलो. रखवालदारानं बाहेरून आरशानं ऊन आत टाकलं, तेवढ्या उजेडात पाहिलं. तिथं सगळा भार रेघेवर होता. परत आल्यावर तेलरंग बाजूला ठेवले. गेरू, पिवळी माती आणि काजळ घेतलं. अंग झालं, अंगावरचं चीवर झालं. डोळे मात्र होईनात. उघडे काढले की बुद्ध दरडावतोय असं वाटे, मिटले की झोपलेला. सहा वेळा पुसले.

शेवटी चाचांकडे गेलो. ते एका कापडदुकानाची पाटी रंगवत होते. मी सगळं सांगितलं.

"काऊन पुसतं बे?" ते म्हणाले. "उर्दूतलं नून अक्षर लिवताना मधात थांबत होता का तू? दम धर अन् एका दमात ओढ. वाटीसारखी पापणी. नूनवरचं टिंब तेवढं देऊ नको."

संध्याकाळी विहारात आलो. श्वास धरला आणि दोन रेघा ओढल्या. नजर आपोआप खाली उतरली. पण डावी पापणी जराशी जास्तच कललेली दिसली. मी फडका ओला केला, तशी मागे येऊन उभ्या राहिलेल्या त्याच म्हातारीनं माझं मनगट धरलं.

"राहू द्या मास्तर. आत्ता कुठं तो बसला. त्याले उठवू नका."

तिच्यापुढे माझं काही चाललं नाही.

विहार खुला झाला त्या दिवशी सारी वस्ती भिंतीसमोर हात जोडून उभी होती. मी फक्त डावा डोळा पाहत होतो. मग विहारासमोर पंगत बसली. दोन घास खाल्ले आणि मला राहवेना. हात न धुताच उठलो आणि दारातून, तिरक्या उजेडात, पुन्हा एकदा पाहिलं. कारभारी मागून आले. "गुरुजी, भाजी थंडी होऊन राह्यली," म्हणत त्यांनी मला दंडाला धरून पंगतीत परत आणून बसवलं.