जांभळ्या रंगाची परीक्षा

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘जांभळीबाई’ म्हणत. ॲस्पिरिनच्या रेणूचे आम्लाचे टोक झाकून जठराला सोसेल असे रूप घडवण्याचा ध्यास तिने घेतला होता. परंतु वर्षभरात तिने केलेला प्रत्येक नमुना लोहक्षाराच्या पिवळसर थेंबाने जांभळा पडला. जांभळा म्हणजे औषध पोटात पोहोचण्याआधीच फुटले. या ध्यासामागे अप्पा होते, तिचे वडील. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ॲस्पिरिन त्यांना रोज घ्यावे लागे आणि रोज छातीखाली आग होई.

“सोमवारीही जांभळा आला, तर हे टेबल दुसऱ्याला देतो,” विभागप्रमुख म्हणाले.

“शाई म्हणून खपेल का, तेही पाहते, सर.”

प्रमुखांना ताटकळावे लागू नये म्हणून आदल्या संध्याकाळीच नमुने पाण्यात विरघळवून नळ्या मांडून ठेवण्याची तिथे रीत होती. सकाळी येऊन ते फक्त थेंब टाकत.

रविवारी जेवणानंतर अप्पांनी गोळी पाण्याच्या पेल्यात टाकली आणि वर्तमानपत्र उघडले.

“अप्पा, लगेच प्या. ठेवून दिली की पाण्यातच फुटते ती.”

“पाणी काय चावतं तिला?”

“चावतंच,” ती म्हणाली, आणि तिला रात्रभर पाण्यात राहणाऱ्या आपल्या नळ्या आठवल्या. संध्याकाळी प्रयोगशाळेत जाऊन तिने एकच नळी भरून ठेवली.

सोमवारी प्रमुखांनी थेंबनळी उचलली. “दुसरी नळी रिकामी का?”

“त्याच नमुन्याची पूड बरणीत कोरडी आहे. तुमच्यासमोर विरघळवते. जरा थांबावं लागेल.”

“मला इथे आजवर कुणी थांबवलं नव्हतं.”

“म्हणूनच जांभळा येत असावा, सर.”

तिने पूड तोलली, पाणी घातले, नळी हलवली. संध्याकाळच्या नळीत थेंब पडताच जांभळट ढग पसरला. ताज्या नळीत तसाच थेंब उतरला, आणि पिवळाच राहिला. प्रमुखांनी नळी उजेडाकडे धरली.

“पोटाचं अजून ठरायचंय,” ती म्हणाली. “पण कोरडं असेपर्यंत हे टिकतं.”

“आधीचे नमुने फेकलेत?”

“नाही. सगळ्यांची कोरडी पूड कपाटात आहे.”

प्रमुखांनी खुर्ची ओढली. “काढा एकेक. बसतो मी.”