सुमन मॉनिटर

शिक्षक माणसं लग्नात भेटोत की तेराव्याला, पान वाढेपर्यंत पोरांचेच किस्से! बाकीच्या पोरांचे मी हसत सांगते. सुमनचे सांगायचे तर आधी आजूबाजूला बघून घेते.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. केदारखेड्याच्या पुढं एका खेड्यात आमची शाळा. दोन खोल्या, शिकवायला हेडसर आणि मी. सुमन दुसरीत. चावायची, पाट्या फोडायची, शिकवता शिकवता खिडकीवर चढायची.

"सुमे, खाली उतर!"

"न्हाई उतरत. तुम्हीच वर या!"

*

एकदा हेडसरांच्या मनगटाला चावली आणि सोडीचना. कसाबसा हात सोडवला. सर ओरडले, "का चावलीस गं?"

ती टक लावून म्हणाली, "तुम्ही मघापासून मनातल्या मनात मला मारून राह्यले."

सर मागून मला हळूच म्हणाले, "बाई, आईशप्पथ, मारायचंच मनात होतं!"

*

आम्हा मास्तरांचा एक जुना तोडगा आहे. वर्गातलं सगळ्यात द्वाड पोर हेरायचं आणि त्यालाच मॉनिटर करायचं. जबाबदारी पडली की बराबर सुधरतं. मी सुमनला केलं, अन् फसले!

दुसऱ्या दिवशी मी पलीकडच्या खोलीत शिकवत होते आणि दुसरीच्या वर्गातून आवाजच येईना. गोंधळ परवडला बाबा, ही शांतता नको! जाऊन बघते तर सगळी पोरं ताठ बसलेली, हात मांडीवर. सुमन फळ्याला टेकून उभी.

"काय केलंस गं यांना?"

"काय न्हाई. बसा म्हणले."

मी म्हटलं, "पोरांनो, सुट्टी! पळा!" एकही हलेना. सुमननं मान हलवली, मंग पोरं उठली.

*

गावभर बोभाटा झाला, पोरीला लागिर आहे, भुतानं धरलंय म्हणून. तिची आई गयाबाई कापूस वेचायला जायची. एक दिवस तशीच रानातून आली आणि रडायलाच लागली.

"बाई, भावकी म्हणून राह्यली का पोरीला साखळीनं बांधून ठिवा. शाळंत जाती म्हणून वाचली. तुम्ही काढलं का बांधत्याल बघा!"

मी सरांना हे सांगितलं. सर म्हणाले, "अजून एक तक्रार आली की नाव कमी करणार. बिलकुल ऐकणार नाही."

*

पुढं कितीतरी वर्षांनी जालन्याला ट्रेनिंगमध्ये एका डॉक्टर मॅडमनी अशा पोरांबद्दल सांगितलं. हा आजार असतो, पोर वाईट नसतं, लागिर-बिगिर काही नसतं. चावणं, तोडफोड, उलटं बोलणं, एकेक लक्षण ऐकताना माझे डोळे भरून आले. हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

जेवणाच्या सुट्टीत मी मॅडमना शाळेतला तो एक दिवस सांगितला. त्यांचा घास हातातच राहिला. "हे नाही हो यात बसत," म्हणाल्या.

*

तो दिवस असा. सुमननं सरपंचाच्या पुतण्याचं डोकं फोडलं. सरांनी गयाबाईला बोलावून घेतलं. "घेऊन जा हिला. उद्यापासून पाठवू नका."

"सर, बांधतील हो तिला!" मी भांडले, हात जोडले. सर ऐकेनात. सुमन रडली नाही. वर्गाकडं एकदा बघितलं आणि आईचं बोट धरून निघाली.

मी वर्गात गेले. पहिल्या ओळीत कल्पना बसायची. शाळेतलं सगळ्यात गरीब पोर, मोठ्यानं कधी बोलली नाही. तिनं पाटी उचलली आणि फरशीवर आपटली. मग शेजारणीनं. मग सगळ्यांनी, एकामागून एक, हूं नाही की चूं नाही.

सर धावत आले. "बंद करा!"

पोरं उठली. सरांभोवती गोल उभी राहिली आणि नुसती बघत राहिली. सर दाराकडं सरकले, तर पोरंही सरकली. सरांच्या कपाळावर घाम.

"बाई," सर म्हणाले, "तिच्या आईला हाक मारा. जल्दी!"

मी तशीच पळत सुटले. मायलेकी ओढ्यापर्यंत पोचल्या होत्या. सुमन रस्त्यातच फतकल मारून बसलेली, गयाबाई तिला ओढून ओढून थकलेली.

"हलतच न्हाई बाई! म्हणती, थांब, बाई येऊन राह्यल्या."

सुमन उठली, परकर झटकला आणि माझ्या आधी शाळेकडं चालू लागली.

"किती टाइम लावला बाई! पोरं कवाची उभी हायत."