कागदाला विचार

लेक शाळेच्या चार्टवर बॅबिलोनच्या राजाने कायदे कोरून घेतलेला काळा दगड काढत होती, आणि मार्करच्या उग्र वासाने मला ओमानमधल्या सोहारची खोली आठवली. औद्योगिक वसाहतीतल्या त्या खोलीत आम्ही आठजण राहायचो, संडास-बाथरूम एकच, आणि कंपनीची बस सकाळी सहाला दारात. आत कोणी कधी जायचं हे रत्नागिरीचे चाचा ठरवायचे, कारण खोलीत सर्वांत जुने तेच. कुणाची ड्युटी लवकर, कुणाला ताप, कुणाला घरून वाईट फोन आलाय, सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. पण रोज वेगळा निकाल म्हणजे वशिलेबाजी, असं म्हणत एकाने भांडण काढलं, तेव्हा मी जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर मार्करने सगळ्यांचे नंबर लिहून दाराशेजारी चिकटवले. चाचांनीच ते एकेक करून सांगितले. भांडणं खलास. आठवड्याभरात सातव्या नंबरवाल्याचं पोट बिघडलं. तो पोट धरून दाराशी आला, तर त्याच्या आधीचा नंबर असलेल्याने कागदावर फक्त बोट ठेवलं. मी म्हटलं, "चाचा, तुम्ही सांगा ना याला." चाचा पलंगावर मांडी घालून चहात पाव बुडवत होते. मान वर न करता म्हणाले, "आता मी कोण रे? त्या कागदाला विचार." त्यानंतर त्यांना कुणी काही विचारल्याचं मला आठवत नाही. इकडे लेकीने मार्कर थांबवून विचारलं, "बाबा, दगडाच्या आधी ते रूल्स कुठे होते?" "कुणाच्या तरी डोक्यात," मी म्हटलं. ज्याच्या डोक्यात ते होते, त्या माणसाचं पुढे काय झालं, हे तिने विचारलं नाही. चार्टवर तेवढी जागाही नव्हती.