भाऊजी आणि स्क्रूच्या खाचा

आमच्या भाऊजींनी नोकरीची सगळी वर्षं लिफ्टमध्ये काढली. एका मोठ्या ऑफिसच्या इमारतीत ते लिफ्टमन होते. स्टुलावर बसायचं, आत येणाऱ्याला "कितवा मजला?" विचारायचं, बटण दाबायचं आणि दार उघडलं की मान हलवायची. माझ्या या धाकट्या दिराची कोणी चौकशी केली की मी सांगायचे, माणूस रोज खूप वर जातो, पण संध्याकाळी खाली येतोच. भाऊजींनाही हे ऐकून हसू यायचं. हसण्यात ते कंजूष नव्हते, बोलण्यात होते.

दिवसभर खोक्यात कोंडलेल्या माणसाला फिरायचा छंद लागला असता तर मी समजू शकले असते. भाऊजींना छंद लागला गवत कापायची जुनी यंत्रं दुरुस्त करायचा. हाताने ढकलायची, दोन लोखंडी चाकांची आणि मध्ये गोल फिरणारी पाती असलेली ती यंत्रं. आता बागांमधून विजेवरची आणि पेट्रोलवरची यंत्रं आली आणि ही भंगारात गेली. भंगारवाल्याकडे असं एखादं पालथं पडलेलं दिसलं की भाऊजींचा पाय तिथून निघत नसे. बरं, आमच्या घरामागे गवत किती? तर एका चादरीएवढं. बाकी सगळी फरशी. त्या चादरीवरून इतकी यंत्रं फिरली की बिचाऱ्या गवताला कधी मान वर काढता आली नाही.

माझी जाऊ होती तेव्हा ती या यंत्रांना सवती म्हणायची. ती गेली आणि भाऊजी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जास्तच रमू लागले. जेवायला आमच्यात, झोपायला त्यांच्या खोलीत आणि बाकी सगळा जीव शेडमध्ये. निवृत्त होताना त्यांनी लिफ्टमधलं ते स्टूल मागून आणलं होतं, त्यावर बसून काम चालायचं. मीही मटार सोलायला तिथेच जायचे, पालथ्या बादलीवर बसायचे. माझी कटकट चालू, त्यांचं काम चालू. दोघांचाही वेळ बरा जायचा.

काम बघण्यासारखं असायचं, एवढं मला मान्य करावंच लागेल. यंत्र पूर्ण सुटं करायचं, गंजलेले भाग रॉकेलमध्ये भिजत टाकायचे, मग दिवसचे दिवस घासत बसायचं. फिरणारी पाती आणि खालची आडवी पट्टी यांच्यात असं अंतर जमवायचं की मध्ये धरलेला वर्तमानपत्राचा कागद पाती फिरवताच स्वच्छ कापला जावा. त्यापायी आमच्या ह्यांचा पेपर कित्येकदा वाचायच्या आधीच कापला जायचा आणि हे सकाळी सकाळी घर डोक्यावर घ्यायचे.

आणि सगळ्यात शेवटी स्क्रू. चाकांची झाकणं स्क्रूंनी बसवलेली असतात. स्क्रूच्या डोक्यावरची खाच चाकाच्या मध्याकडेच बघत असली पाहिजे, असा भाऊजींचा हट्ट. नुसता स्क्रू घट्ट बसून भागायचं नाही, खाचही बरोबर दिशेला येऊन थांबली पाहिजे. त्यासाठी प्रत्येक स्क्रूखाली कागदासारखे पातळ वॉशर घालून बघत बसायचे. एकदा जमलं की त्या स्क्रूचं घर ठरलं, तो दुसऱ्या भोकात जायचा नाही. मी म्हणायचे, गवत काय खाचा बघून कापून घेतं का? ते म्हणायचे, एक जरी वाकडी दिसली तरी लांबूनच कळतं की कोणीतरी हात लावलाय नाहीतर स्क्रू ढिला झालाय. मला तो सगळा नखरा वाटायचा.

एक दिवस मी चहा घेऊन शेडचं दार ढकललं, तर भाऊजींनी वर बघितलं आणि अगदी अदबीने विचारलं, "कितवा मजला?"

मला वाटलं, गंमत करताहेत. मीही "तिसरा" म्हणून मोकळी झाले. पण ते हसले नाहीत. त्यांचा हात शेजारच्या पत्र्यावर बटण शोधत होता. मग त्यांचं त्यांनाच काहीतरी लक्षात आलं असावं. त्यांनी हात मागे घेतला आणि चहा मागितला. त्या दिवशी मी मटार सोलले खरे, पण माझ्या तोंडून कटकटीचा एक शब्द फुटला नाही.

डॉक्टरांनी तपासलं. हा विसर वाढत जाणार, म्हणाले, त्यांना नेहमीच्या कामात गुंतवून ठेवा. मला तेवढाच आधार वाटला. नेहमीचं काम तर शेडमध्ये होतंच.

मग सार्वजनिक बागेतला माळी आला. हा भाऊजींचा जुना दोस्त. गुलाबांच्या वाफ्यांमधल्या चिंचोळ्या जागेत मोठं यंत्र जात नाही, म्हणून भाऊजींनी दुरुस्त केलेलं एक हातयंत्र तो वापरायचा. नुकतंच भाऊजींनी ते खोलून साफ करून दिलं होतं. तेच घेऊन आला होता आणि त्याच्या बोटाला भलंमोठं बँडेज होतं. यंत्र पुढे ढकललं तर नुसतं टकटक करत होतं, पाती हलत नव्हती. गवत अडकलं असेल म्हणून त्याने एका हाताने यंत्र मागे ओढलं आणि दुसऱ्या हाताची बोटं आत घातली. सगळे माळी असंच करतात, कारण यंत्र मागे ओढताना पाती फिरत नसतात. या यंत्राची फिरली. नखावर निभावलं, असं तो हसत हसत सांगत होता.

 भाऊजींनी तिथेच चाकं उघडली. प्रत्येक चाकाच्या आत एक लहान दातेरी चाक असतं आणि त्याच्या पोटात एक खटका, पाती एकाच दिशेला फिरू देणारा. डावं आणि उजवं दातेरी चाक दिसायला जुळी भावंडं, पण खटक्यांची तोंडं उलट. भाऊजींनी डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे बसवलं होतं. ही चूक नवशिके करतात, एवढंच ते बोलले. त्या रात्री जेवले नाहीत.

आमच्या ह्यांच्या पोटात काही राहत नाही. त्यांनी फोनवर पुतणीला, म्हणजे भाऊजींच्या लेकीला, सगळं सांगून टाकलं. ती लांबच्या शहरात राहते, उंच इमारतीत. बाल्कनीत दोन कुंड्या ठेवल्या तर माणसाला उभं राहता येत नाही. बाबांना माझ्याकडे घेऊन जाते, म्हणाली. पोरगी वाईट नाही. बापाचा विसर आणि ती धारदार पाती एका शेडमध्ये नकोत, असं तिचं म्हणणं, आणि ते खोटं कसं म्हणू? पण शेडमधून उठवलं तर भाऊजींचं काय उरणार, हे तिला कळत नव्हतं. मला कळत होतं. माझा जीव टांगणीला लागला.

शेवटी भाऊजींनीच तिला सांगितलं की हातात एक जुनं मोठं यंत्र आहे, ते पूर्ण करतो, तू ये, तुझ्यासमोर चालवून दाखवतो, मग काय ते ठरव. तिने कबूल केलं. तेव्हापासून आम्ही ते चादरीएवढं गवत मुद्दाम वाढू दिलं. भाऊजी सकाळी शेडमध्ये शिरायचे ते जेवायलाच बाहेर यायचे. मी बादलीवर बसून राहायचे, हातात मटार असोत नसोत.

ती यायच्या आदल्या दिवशी दुपारी यंत्र जोडून झालं. हिरवा रंग, लाकडी मुठीला तेल, झकास दिसत होतं. भाऊजी समाधानाने आडवे झाले. मी सहज मुठीला हात लावला आणि जरासं ढकललं.

टकटकटक. पाती जागची हलली नाहीत.

 त्यांना उठवून सांगावं, तर त्यांचा उरलासुरला धीर जाईल. न सांगावं, तर उद्या लेकीसमोर शोभा. मग मी पदर खोचला. इतकी वर्षं बादलीवर बसून डोळे काय मिटले नव्हते. दोन्ही चाकांचे स्क्रू काढून एका वाटीत टाकले, दातेरी चाकांची अदलाबदल केली, झाकणं बसवून स्क्रू पिळून घट्ट केले. ह्यांच्या हातातून पेपर ओढून घेतला आणि एक पट्टी पात्यांत धरून यंत्र पुढे ढकललं. स्वच्छ कापली गेली. हे ओरडणार होते, पण माझं तोंड बघून गप्प बसले. माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी पुतणी आली. भाऊजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी यंत्र गवतावर ठेवलं आणि ढकललं. पाती सुरेख आवाज करत फिरली, मागे गवताची एकसारखी पट्टी पडत गेली. पुतणी दारात उभी राहून बघत होती. तिचे डोळे भरून आले. बाबा, तुम्ही इथेच राहा, म्हणाली, मी उगाच घाबरले.

भाऊजी खूश झाले. नेहमीच्या सवयीने फडकं घेऊन चाक पुसायला वाकले, आणि वाकलेलेच राहिले. त्यांनी झाकणावरून बोट फिरवलं. मग दुसऱ्या चाकाकडे गेले, तिथेही फिरवलं.  खाचा. मी सगळे स्क्रू एका वाटीत कालवले होते. एकही आपल्या घरात नव्हता. एक खाच इकडे बघत होती, दुसरी तिकडे.

"वहिनी, ही चाकं कोणी उघडली होती का?"

"कोण उघडणार?" मी म्हणाले. "तुम्हीच तर जोडलंत."

"माझ्या हातच्या खाचा अशा नसतात."

 आमचे हे उगाचच खोकले. भाऊजी माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेत राग असता तर मला सोसलं असतं.

"उलटी बसवली होती ना मी?" त्यांनी विचारलं. मग उत्तराची वाट न बघता लेकीकडे वळले. "मी उलटी बसवली होती. तुझ्या काकूंनी सरळ केली. मी येतो तुझ्याबरोबर."

ती म्हणाली, असू दे बाबा, काकू आहेत ना लक्ष ठेवायला. मीही तेच म्हणाले, दोनदा म्हणाले. भाऊजींनी फडक्याची घडी घातली.

"आणि एखाद्या दिवशी त्यांचं लक्ष नसलं तर? त्या माळ्याचं नखावर निभावलं. दर वेळी निभावेल का?"

मला इतका संताप आला म्हणून सांगू. कोणी मागितला होता हा खरेपणा? गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? मी तरातरा स्वयंपाकघरात गेले, भांडी आपटली, आणि भांड्यांच्या आवाजात पोटभर रडून घेतलं.

निघायच्या दिवशी त्यांनी मला शेडमध्ये बोलावलं. लिफ्टच्या स्टुलावर मला बसवलं आणि स्वतः बादलीवर बसले. एका पुठ्ठ्याला चाकाच्या झाकणासारखी भोकं पाडून ठेवली होती. स्क्रू काढला की पुठ्ठ्यावर त्याच्याच जागी, त्याच्याच वॉशरसकट खोचायचा. वाटीत टाकायचा नाही. दातेरी चाक काढलं की डावं डाव्या हाताला, उजवं उजव्या हाताला ठेवायचं आणि बसवण्याआधी खटक्याचं तोंड बघायचं. एवढं सांगून त्यांनी स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. मी स्क्रू बसवत गेले. एक खाच जरा पुढे गेली, तसा त्यांनी वॉशर बदलून दिला. वॉशर निवडताना त्यांचं बोट एकदाही चुकलं नाही.

शेवटचा स्क्रू घट्ट करून मी वर बघितलं, तर ते दाराकडे बघत होते. दारात त्यांची भरलेली बॅग ठेवलेली होती.

"बॅग कोणाची?" त्यांनी विचारलं. "कोण निघालंय?"

पुतणी पुढच्या दारी गाडीत सामान लावत होती. शेडमध्ये आम्ही दोघंच. ‘कोणी नाही’ म्हणायला माझी जीभ किती वळवळली, ते माझं मला माहीत. तेवढं म्हटलं असतं, तर ते उठले असते आणि पुढचं यंत्र काढून बसले असते.

"तुम्ही निघालाय, भाऊजी," मी म्हणाले. "लेकीकडे. तुम्हीच ठरवलंत."

 त्यांनी हातातलं फडकं माझ्या मांडीवर ठेवलं.

"मग यंत्रं कोण बघणार?"

"मी बघेन."

त्यांनी वाकून माझं चाक बघितलं. प्रत्येक खाचेवरून बोट फिरवलं, अगदी सावकाश. सगळ्या मध्याकडे बघत होत्या.

"बरं," ते म्हणाले, आणि बॅग उचलायला उठले.